मुळा नको म्हणणाऱ्यांच्या ताटात मुळा

थंडी पडू लागली, की खानदेशातल्या यावल-रावेर भागातल्या आठवडे बाजारात मुळ्याच्या जुड्यांचे ढीग लागतात. पाने दवाने ओली असतात, मुळाला मळ्याची माती चिकटलेली असते आणि भाव असा असतो, की कांद्याची पात आणि भरताची वांगी घेता घेता एखादी जुडी सहज पिशवीत पडते. अडचण सुरू होते ती घरी आल्यावर. आमच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, त्यामुळे आजी त्याला ‘मुया’ म्हणे. आणि ‘आज मुया’ एवढे कानावर पडले, की आम्हा भावंडांना अचानक भूक नसायची. पुढे शिक्षणासाठी वसतिगृहात राहिले, तेव्हा तर हा दुरावा पक्का झाला. तिथे मुळ्याचे जाड तुकडे डाळीबरोबर कुकरमध्ये घालून चार-पाच शिट्ट्या दिल्या जात आणि झाकण उघडताच जो वास खोलीपर्यंत येई, त्यानेच जेवणाची इच्छा मरून जाई. त्यानंतर दोन वर्षे मी मुळा तोंडात घातला नाही.

आज माझ्या घरी हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा मुळा होतो आणि माझी मुलगी, जी पूर्वी ताटातला मुळ्याचा कीस बोटाने कडेला सारायची, तीच आता फुणके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, कधी करणार म्हणून विचारते. मधल्या काळात मुळा बदललेला नाही, माझी त्याला हाताळण्याची रीत बदलली. मुळा न आवडणाऱ्या बहुतेकांना खरे तर त्याची चव नकोशी नसते. त्यांना नकोसा असतो तो त्याचा झणका आणि शिजताना येणारा वास, आणि हे दोन्ही बऱ्याच अंशी स्वयंपाक करणाऱ्याच्या हातात असतात. हे दोन दोष काढले, की खाली जो सौम्य, किंचित गोड आणि रसाळ कंद उरतो, तो नाकारणारे मूल मी अजून पाहिलेले नाही.

झणका कुठून येतो, हे एकदा समजून घेतले, की पुढच्या साऱ्या कृती आपोआप पटतात. अखंड मुळ्याला नाकाजवळ धरले, तर फारसा वास येत नाही. त्याच्या पेशींत एक गंधकयुक्त द्रव्य आणि एक विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात. आपण मुळा किसतो, कापतो किंवा चावतो, तेव्हा पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि त्यातून नाकात झोंबणारे तिखट द्रव्य तयार होते. मोहरी फेसताना नाकात जाते, ती गोष्ट याच जातीची, कारण मोहरी आणि मुळा एकाच कुळातले आहेत. हे विकर उष्णतेने निकामी होते, म्हणून शिजलेला मुळा झोंबत नाही. मात्र तो झाकून फार वेळ शिजवला, तर गंधकाची दुसरी, अधिक उग्र वासाची द्रव्ये सुटतात आणि झाकणाखाली कोंडून पदार्थातच मुरतात. वसतिगृहातल्या त्या डाळीचे दुखणे नेमके हेच होते. थोडक्यात, कच्चा मुळा झोंबतो आणि अति शिजवलेला मुळा वास मारतो. आपल्याला या दोहोंच्या मधली जागा पकडायची असते.

बाजारात निवडताना

अर्धे काम बाजारातच होते, आणि इथे चूक झाली तर पुढे कितीही मसाला घातला तरी ती भरून निघत नाही. मुळा हे थंडीचे पीक आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हात वाढलेला मुळा लवकर जून होतो आणि तिखटही जास्त असतो. उन्हाळ्यात तग धरणारे पुसा चेतकीसारखे वाण आहेत आणि त्यामुळे मुळा आता जवळपास वर्षभर दिसतो, तरीही ज्याला मुळा आवडत नाही त्याची पहिली ओळख उन्हाळ्यातल्या मुळ्याने करून देऊ नये. मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा मुळा घ्यावा.

लांबीला मोठा मुळा दिसला, की हात तिकडे जातो, पण त्याचा मोह टाळावा. अंगठ्याहून थोडा जाड, वीतभर लांबीचा, हाताला घट्ट आणि आकाराच्या मानाने जड लागणारा मुळा उत्तम. शेंड्याकडचे बारीक टोक वाकवून पाहिले असता ते कट्‌कन मोडले पाहिजे. रबरासारखे वाकले, तर मुळा शिळा आहे. जून मुळा आतून पोकळ आणि कापसासारखा झालेला असतो, त्याला आडवा छेद दिला तर मध्ये पांढरी जाळी दिसते. असा मुळा घरी आलाच, तर तो मुलांच्या ताटात न वाढता बाजूला टाकावा, कारण त्या चोथ्याची एक आठवण पुढचा सगळा हंगाम वाया घालवते. पाने हिरवीगार, न पिवळलेली असावीत. घरी आल्यावर पाने आणि मुळे लगेच वेगळी करावीत, नाहीतर पाने मुळातले पाणी ओढत राहतात आणि दुसऱ्या दिवशी मुळा लिबलिबीत होतो. पाला मात्र टाकू नये; जीवनसत्त्वे आणि कॅल्शियम या दोन्ही बाबतींत तो मुळापेक्षा सरस आहे.

एक बारकावा अनेकांना ठाऊक नसतो. एकाच मुळ्याची चव वरपासून खालपर्यंत सारखी नसते. पानांकडचा जाड भाग गोडसर असतो आणि शेंड्याकडचा भाग सर्वांत तिखट. मी मुळ्याचे दोन भाग करते: वरचा भाग कोशिंबिरीसाठी किंवा नुसता खाण्यासाठी आणि खालचा भाग शिजवण्यासाठी. तिखटपणा सालीतही अधिक असतो, त्यामुळे नुसते खरवडण्याऐवजी सोलाण्याने साल नीट, थोडी जाडसरच काढावी. एवढ्या दोन गोष्टींनीच कच्च्या मुळ्याचा झणका लक्षात येण्याइतका उतरतो.

मीठ, वेळ आणि उघडे भांडे

मुळ्यात शंभरातले सुमारे पंचाण्णव भाग पाणीच असते आणि झोंबणारे द्रव्य बऱ्याच प्रमाणात या पाण्याबरोबर बाहेर काढता येते. किसलेल्या मुळ्याला दोन वाट्यांस अर्धा चहाचा चमचा या प्रमाणात मीठ लावून तो पंधरा मिनिटे ताटात पसरून ठेवावा आणि मग दोन्ही तळहातांत धरून घट्ट पिळावा. किसल्यानंतर पहिली काही मिनिटे मुळा सर्वांत तिखट असतो आणि नंतर तो तिखटपणा हळूहळू उडून जातो, त्यामुळे ताट झाकून न ठेवता उघडेच ठेवावे. पिळलेले पाणी मी टाकत नाही. मोठ्या माणसांसाठी थालीपीठ करायचे असेल, तर त्याच पाण्यात पीठ भिजवते, मात्र मग पिठात वेगळे मीठ घालत नाही.

तुकडे शिजवायचे असतील, तर आधी मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात मीठ घालावे, फोडी त्यात तीन ते चार मिनिटे उघड्या ठेवून उकळाव्यात आणि पाणी ओतून द्यावे. या पाण्याबरोबर थोडे ‘क’ जीवनसत्त्व जाते हे खरे आहे, पण जी भाजी ताटात उरून शेवटी गुरांपुढे जाते, तिच्यातले जीवनसत्त्व कोणाच्याच अंगी लागत नाही. उकळलेल्या फोडी पंचावर पसरून कोरड्या कराव्यात आणि मगच फोडणीत घालाव्यात. कुकर या कामासाठी अजिबात वापरू नये. वरणात मुळा घालायचा असेल, तर डाळ वेगळी शिजवून घोटावी आणि अशा उकळलेल्या फोडी शेवटच्या उकळीत घालाव्यात.

पहिला पदार्थ कोणता असावा

ज्याने मुळ्याला कायमचे नाव ठेवले आहे, त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी रस्सा किंवा कोशिंबीर ठेवणे म्हणजे भांडण ओढवून घेणे होय. सुरुवात तव्यावर खरपूस भाजलेल्या चकत्यांनी करावी. मुळ्याच्या अर्ध्या बोटाएवढ्या जाड चकत्या वर सांगितल्याप्रमाणे उकळून, कोरड्या करून घ्याव्यात. लोखंडी तवा चांगला तापवून त्यावर दोन चमचे शेंगदाण्याचे तेल सोडावे, चकत्या एकमेकींना न चिकटतील अशा मांडाव्यात आणि चार-पाच मिनिटे त्यांना हात लावू नये. सारखे उलथत राहिल्यास त्या वाफेवर शिजतात, भाजल्या जात नाहीत, आणि इथे सगळी करामत भाजण्यातच आहे. कडा तपकिरी झाल्या, घरात भाजक्या रताळ्याच्या जवळ जाणारा वास येऊ लागला, की उलटाव्यात. दुसरी बाजूही तशीच झाली, की वर लसूण घातलेली शेंगदाण्याची चटणी भुरभुरून लिंबू पिळावे आणि लगेच वाढाव्यात. थंड झाल्यावर या चकत्या मऊ पडतात, म्हणून पंगत बसल्यावरच शेवटचा घाणा काढावा.

पीठ पेरलेली भाजी ही पुढची पायरी. तिच्यात मी मुळा आणि कोवळा पाला दोन्ही बारीक चिरून घालते. मोहरी, जिरे, हिंग, हळद आणि ठेचलेल्या लसणाची फोडणी करून भाजी मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, पाणी आटेपर्यंत परतावी. मग आधी कोरडे भाजून घेतलेले तीन-चार चमचे बेसन भुरभुरून, बाजूने थोडे तेल सोडून, दोनच मिनिटे झाकावे. बेसन कच्चे घातले तर भाजी गिच्च होते आणि मुळ्याला विनाकारण दोष लागतो.

फुणके

खानदेशात फुणके आणि कढी हा थंडीतला आणि पावसाळ्यातला हक्काचा बेत आहे. भिजवलेली डाळ भरड वाटून, तिचे मुटके करून वाफवायचे आणि कढीबरोबर खायचे, एवढीच त्याची मूळ कल्पना. त्यात मुळा घालणे सर्वांच्या घरी होते असे नाही, पण माझ्या अनुभवात मुळा आवडून घ्यायला लावण्यासाठी याच्याइतका विश्वासाचा दुसरा पदार्थ नाही. मुळ्याचे उरलेसुरले पाणी डाळ शोषून घेते. लसणाचा वासही गंधकाचाच असल्यामुळे मुळ्याचा वास त्याच्यात मिसळून जातो, वेगळा उठून दिसत नाही. शिवाय मुळ्यामुळे फुणके आतून मऊ आणि ओलसर राहतात. नुसत्या डाळीचे फुणके कधी कधी घशात अडकतात, ही तक्रारच उरत नाही. म्हणजे इथे मुळा केवळ सहन केला जात नाही, तर तो पदार्थ सुधारतो.

चार माणसांसाठी एक वाटी तुरीची डाळ आणि अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ धुऊन तीन ते चार तास भिजत घालावी. रात्रभर भिजवू नये, कारण फार फुगलेली डाळ वाटताना पिठुळ होते. नंतर ती चाळणीत किमान वीस मिनिटे निथळत ठेवावी. हे निथळणे मनापासून करावे. पाणी राहिलेल्या डाळीचे मुटके वाफेवर पसरतात. मोठ्यांसाठी पाच-सहा हिरव्या मिरच्या आणि मुले असतील तर दोनच, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या आणि एक चमचा जिरे यांच्याबरोबर डाळ पाण्याचा थेंबही न घालता भरड वाटावी. पाटा-वरवंटा असेल तर फारच चांगले. मिक्सरमध्ये करायचे असेल, तर थांबत थांबत, थोडी थोडी फिरवावी. चिमटीत घेतल्यावर डाळीचे कण बोटांना जाणवले पाहिजेत, आणि अधूनमधून एखादी अर्धी डाळ अखंड राहिली तरी बिघडत नाही.

मुळ्याचा दीड ते दोन वाट्या कीस मीठ लावून, पंधरा मिनिटे ठेवून, घट्ट पिळून घ्यावा. पिळल्यावर तो साधारण निम्माच उरतो. हा कीस, मूठभर बारीक चिरलेला मुळ्याचा कोवळा पाला, भरपूर कोथिंबीर, पाव चमचा हळद आणि एक मोठा चमचा तेल वाटलेल्या डाळीत घालून हलक्या हाताने कालवावे. मिठाचा अंदाज इथे चुकतो, कारण किसात थोडे मीठ आधीच उतरलेले असते. म्हणून नेहमीपेक्षा निम्मे घालून चव पाहावी. मिश्रण सैल वाटले, तर चमचा-दोन चमचे ज्वारीचे पीठ मिसळावे. ओल्या हाताने लिंबाएवढा गोळा घेऊन मुठीत दाबावा. मूठ उघडली, की त्यावर चार बोटांचे ठसे उमटलेले दिसतात, आणि कढी पुढे याच खाचांमध्ये साठते. माझ्या मुलीचा मुळ्याशी समेट इथेच झाला. एका रविवारी मी तिला शेजारी बसवून मुटके करायला दिले. तिची मूठ लहान, त्यामुळे तिचे फुणके बोराएवढे झाले. जेवताना तिने ताटात स्वतःचेच वेचून घेतले आणि संपवले. आत मुळा आहे हे तिला माहीत होते, कारण तो तिनेच किसला होता.

पातेल्यात तळाशी दोन पेले पाणी उकळत ठेवून वर तेल लावलेली चाळणी बसवावी, फुणके सुटे मांडावेत आणि झाकण ठेवून पंधरा ते वीस मिनिटे वाफवावेत. झाकणावर जमलेले पाणी फुणक्यांवर ठिबकू नये म्हणून झाकणाला स्वच्छ फडके बांधावे. सुरी खुपसल्यावर कोरडी निघाली, की झाले. इथे झाकण चालते, कारण मुळ्याचा उग्रपणा आपण आधीच पिळून काढलेला असतो.

तोवर कढी करावी. दोन पेले आंबट ताकात एक मोठा चमचा बेसन गुठळी न राहता घुसळून, त्यात मीठ, ठेचलेले आले आणि लसूण घालून ते मंद आचेवर ठेवावे आणि पहिला कढ येईपर्यंत सतत ढवळत राहावे. ढवळणे थांबले, तर ताक फाटते. वर जिरे, हिंग, कढीपत्ता आणि लाल मिरचीची फोडणी द्यावी. वाढताना दोन-तीन गरम फुणके ताटात कुस्करावेत, त्यावर शेंगदाण्याच्या कच्च्या तेलाची धार सोडावी आणि मग कढी ओतावी. तेलाची ही धार वगळू नये. डाळीचा कोरडेपणा तिनेच जातो.

लपवावे की सांगावे

मुळा किसून पराठ्यात किंवा थालिपीठात गुपचूप घालावा आणि खाऊन झाल्यावर ‘बघ, मुळा खाल्लास’ असे सांगावे, ही युक्ती बऱ्याच घरांत चालते. मला ती पटत नाही. मूल त्या वेळी हसते, पण पुढच्या वेळी प्रत्येक थालीपीठ उघडून पाहू लागते, आणि मुळ्याबरोबर थालीपीठही हातचे जाते. आधी सांगावे, ताटात थोडेसेच वाढावे, आणि नको म्हटले तर आग्रह न धरता ताट उचलावे. नवी चव अंगवळणी पडायला मुलांना ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर यावी लागते. दोनदा नाकारले म्हणून प्रयत्न सोडून देणे घाईचे ठरते. घरातल्या मोठ्यांनी मात्र त्याच पंगतीत तोच मुळा आवडीने खाल्ला पाहिजे. आजोबा नाक मुरडून ताट सरकवत असतील, तर नातवाला समजावण्यात अर्थ नाही. आधी आजोबांसाठी चकत्या भाजाव्यात.

कच्चा मुळा सर्वांत शेवटी यावा. वरचा गोड भाग किसून, पंधरा मिनिटे उघडा ठेवून, हलका पिळून, घट्ट आणि फार आंबट नसलेल्या दह्यात घालावा. त्यात दोन चमचे शेंगदाण्याचे कूट आणि चिमूटभर साखर मिसळावी. मोहरी-हिंगाची फोडणी गार करूनच वर ओतावी आणि मीठ अगदी पानावर बसताना घालावे, नाहीतर कोशिंबिरीला पाणी सुटते. दह्यातील स्निग्धांश उरलासुरला झणका मऊ करतो. कळण्याच्या भाकरीबरोबर, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाच्या खमंग भाकरीबरोबर, ही कोशिंबीर विशेष जुळते. हंगाम संपत आला, की बाजारात मुळ्याच्या शेंगा, म्हणजे डिंगऱ्या, दिसू लागतात. त्या कोवळ्या असताना फोडणीत परतल्या, तर मुळ्यापेक्षाही सौम्य लागतात.

फुणके नेहमी थोडे जास्तच करावेत. उरलेले दुसऱ्या दिवशी सकाळी हाताने मोकळे करून, तेलात मोहरी, कांदा आणि कढीपत्त्याची फोडणी करून, कडा कुरकुरीत होईपर्यंत परतावेत आणि वर लिंबू पिळून शाळेच्या डब्यात द्यावेत.